प्रश्नाचे दात

जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं तोंड उघडून त्याचे दात बघता येतात, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा, अक्काचा, नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. लातुरात राहतात, आणि देवणीपासून उदगीरपर्यंतच्या बाजारांत जनावरांची दलाली करतात. बैलाचं वय दातांवरून ठरतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्याला अजून पक्के दात आले नाहीत तो अदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात भरले की तो जुळलेला. दाजींनी उभं आयुष्य बैलांची तोंडं उघडण्यात घालवलं, आणि घरी आल्यावर समोर बैल नसला तरी त्यांची सवय काही जायची नाही. मग ते प्रश्नांची तोंडं उघडायचे. अक्कानं विचारलं, "भाजी कशाची करू?" की दाजी न बघता म्हणायचे, "अदत." म्हणजे असल्या पोरकट प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नाही, जी असेल ती कर. "घरपट्टी औंदा का वाढली?" हा चारदाती. आणि एकदा आमच्या गल्लीतल्या एका लहान पोरीनं त्यांना विचारलं, "दाजी, बैलाला त्याचं नाव म्हाईत असतंय का?" दाजी तोंडातला घास तसाच ठेवून बराच वेळ बसले, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जुळलेला हाय हा. पूर्ण जुळलेला."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण आमच्या गावात विचारणारं कुणी नव्हतं. बारावीनंतर मी लातूरला अक्का-दाजींकडे राहायला आलो आणि तिथूनच बी.एस्सी. झालो. दाजींनी मला पहिल्या दिवसापासून 'बीएस्सी' म्हणायला सुरुवात केली, प्रवेशाचा अर्जसुद्धा भरला नव्हता तेव्हापासून. "अहो, पास तर होऊ द्या त्याला," अक्का म्हणायची. "वासराला नाव आधी ठिवावं लागतंय, बैल झाल्यावर कोन ठिवतंय?" हे दाजींचं उत्तर. एकदा भौतिकशास्त्राचा पेपर देऊन मी तोंड पाडून घरी आलो. दाजींनी प्रश्नपत्रिका हातात घेतली. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. हात लांब करून त्यांनी ती कागदाची पट्टी बाजारात जनावर निरखतात तशी निरखली आणि म्हणाले, "हे लांबलचक हायत ना, हे गरीब. हा खालचा बघ, एका वळीचा. हा मारका. ह्याच्या वाट्याला जायचंच न्हाई पहिल्यांदा." याला शास्त्र म्हणता येणार नाही, हे विज्ञानाचा पदवीधर म्हणून मला स्पष्ट सांगायला पाहिजे. पण आज नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना, प्रश्नपत्रिका काढायला बसलो की एका ओळीचा प्रश्न लिहिताना माझा हात थोडा थांबतो.

अशा माणसाच्या घरात टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला तर काय होणार? संध्याकाळी त्या कार्यक्रमाचं संगीत वाजलं की दाजी हातपाय धुऊन, गळ्यातलं इष्टलिंग डोळ्यांना लावून, देवपूजेला बसल्यासारखे टीव्हीपुढे बसायचे. उत्तरांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. नद्या, राजे, ग्रह, खेळाडू, सगळ्यांची त्यांच्याकडून सरमिसळ व्हायची, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. त्यांचं लक्ष प्रश्नावर असायचं. स्पर्धकाला कितव्या पायरीवर किती दाताचा प्रश्न दिला, हे ते बघत. शेजारचे निवृत्त गुरुजीही बघायला येत. गुरुजींची खोड अशी, की बरोबर उत्तर पडद्यावर हिरवं झालं की ते म्हणत, "मला हेच म्हणायचं होतं." चार-सहा दिवस दाजींनी ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी खांद्यावरची दस्ती, म्हणजे त्यांचा तो मोठा रुमाल, काढून गुरुजींच्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "गुरुजी, आता तोंडानं बोलायचं न्हाई. हात आत घाला."

बाजारात भाव कधी तोंडानं ठरत नाही. दलाल, घेणारा, देणारा, सगळे दस्तीखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही, आणि एकदा दाबलेलं बोट नंतर नाकारता येत नाही. दाजींनी तीच रीत घरी आणली. पहिला पर्याय म्हणजे पहिलं बोट, चौथा म्हणजे करंगळी. येत नसेल तर अंगठा. उत्तर पडद्यावर यायच्या आत गुरुजींनी दाजींचं बोट दाबायचं, मग दाजींनी अक्काचं, अक्कानं माझं. गुरुजींची खोड एका आठवड्यात गेली. त्यांना पुष्कळदा अंगठा दाबावा लागे, आणि दाजी तो कुणाला सांगत नसत. "दस्तीखालचं दस्तीखाली," म्हणत. स्वतः दाजी तर बिनदिक्कत अंगठा दाबत. अक्का मात्र कधी चुकून हसली की आम्हाला कळायचं, आज दाजींनी सगळे अंगठेच दाबलेत.

ह्या दस्तीखालची एक खूण टीव्हीपुढे कधी लागली नाही. ती मी देवणीच्या बाजारात पाहिली होती. सुट्टीत दाजींबरोबर गेलो होतो. एका म्हाताऱ्यानं ठिपक्यांचा एक देखणा खोंड आणला होता, आणि बिदरकडचा एक व्यापारी त्यावर फिदा झाला होता. दस्तीखाली बराच वेळ बोटं चालली. व्यापारी भाव चढवत होता, दाजींच्या कपाळावर घाम आला होता, दलाली चांगली मिळणार होती. आणि मग दस्ती जरा सरकली तेव्हा मला दिसलं, म्हाताऱ्यानं एकही बोट न दाबता व्यापाऱ्याचा सगळा हात आपल्या मुठीत घेतला होता आणि नुसता धरून ठेवला होता. व्यापाऱ्यानं मान हलवली, हात काढून घेतला, खोंडाच्या पाठीवरून एकदा फिरवला आणि निघून गेला. कुणी कुणावर चिडलं नाही. मी विचारलं, "दाजी, हे काय झालं?" दाजी म्हणाले, "बोट दाबलं की भाव. मूठ धरली की इकायचं न्हाई. मंग पुढं कुनी बोलत नसतंय." दलाली बुडाली होती, तरी घरी येईपर्यंत ते त्या म्हाताऱ्याचं कौतुक करत होते.

तर टीव्ही बघून बघून दाजींनी एक सिद्धांत काढला, आणि तो ते भेटेल त्याला ऐकवू लागले. त्यांचं म्हणणं असं, की त्या कार्यक्रमात माणसं उत्तरांवर निवडत नाहीत. "फोनवर इचारलेला पहिला प्रश्न बघितला का? अदत! अवघ्या म्हाराष्ट्राला येतंय त्याचं उत्तर. मंग एवढ्या लोकांतून हीच दहा मानसं कशी निवडली?" मी म्हणालो, "दाजी, कॉम्प्युटर निवडतो." "कॉम्प्युटरला कोन हाकतंय, बीएस्सी?" आणि मग ते पडद्याकडे बोट दाखवायचे. स्पर्धक आपली कहाणी सांगत असे. घर पडलेलं, बाप गेलेला, पाय गमावलेला. हळू आवाजात बासरी सुरू होई, कॅमेरा त्याच्या आईच्या डोळ्यांवर जाऊन थांबे. आणि लगेच पुढचा प्रश्न येई. दाजी दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारून ओरडत, "बघ! अदत दिला! आन् काल तो हसतमुख किराणावाला आला होता, त्याला दुसऱ्याच पायरीला चारदाती मारका सोडला. का? तर त्याला काई दुःखच न्हवतं." मग ते एक वाक्य म्हणत, जे मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकलं: "आपल्या बाजारात मानूस जनावराची खोड लपवून इकतो. तिथं खोड दाखवली की भाव चढतो."

एवढं सगळं कळूनही दाजींना तिथं जायचं होतं. गल्लीला वाटायचं पैशासाठी. गुरुजींना वाटायचं प्रसिद्धीसाठी. खरं कारण मला माहीत होतं. त्या कार्यक्रमात स्पर्धकासोबत आलेल्या माणसासाठी एक खुर्ची असते. प्रकाशात, पुढच्या बाजूला. सूत्रसंचालक त्या माणसाला नावानं बोलावून नमस्कार करतो आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. दाजींना त्या खुर्चीत अक्काला बसवायचं होतं.

अक्का-दाजींना मूल नाही. लातुरातल्या गल्लीत ही गोष्ट कुणी तोंडावर बोलत नसे, आणि म्हणून रोज बोलली जाई. बारशाला अक्काला बोलावणं असायचं, सगळ्यांच्या आधी असायचं, कारण घुगऱ्या शिजवायला तिच्यासारखं कुणी नव्हतं. पण नाव ठेवायची वेळ आली की बायका पाळण्याभोवती गोळा होत आणि कुणीतरी म्हणे, "अक्का, जरा चुलीकडं बघता का?" अक्काच्या हातच्या घुगऱ्या सगळ्यांना चालत, अक्काचा हात पाळण्याच्या दोरीला चालत नसे. असल्याच एका बारशाला दाजी बाहेर ओट्यावर उभे होते आणि आतला आवाज त्यांच्या कानावर आला. संध्याकाळी कार्यक्रमाचं संगीत वाजलं तेव्हा मला म्हणाले, "बीएस्सी, ती खुर्ची बघ. हिला तिथं बसवतो. इरकल नेसवून. मंग बघू कोन चुलीकडं धाडतंय ते."

तेव्हापासून दाजी दर वर्षी त्या कार्यक्रमाला फोन लावत. मी शिकून नांदेडला नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, तरी ते लावतच होते. आणि एका वर्षी खरंच फोन आला. पलीकडच्या मुलीनं थोडे दोनदाती प्रश्न विचारले. निम्मे दाजींना आले, निम्मे आले नाहीत. मग तिनं धंदा विचारला. दाजींनी दलालीचं, दातांचं, दस्तीचं सगळं सांगितलं. पलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला, आणि पुण्याला प्रत्यक्ष भेटीचं बोलावणं मिळालं. "बघ," दाजी मला फोनवर म्हणाले, "उत्तरं चुकली तरी घेतलं. माझा सिद्धांत खरा निघाला." त्यांना बोलावणं आल्याचा आनंद जास्त होता की सिद्धांत खरा निघाल्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मी लातूरला पोचलो, तर घरात गल्ली जमली होती. सगळ्यांना दाजींचा सिद्धांत तोंडपाठ होता, त्यामुळे सगळे त्यांना दुःख पुरवायला आले होते. गुरुजी म्हणाले, "भूकंप सांगा, दाजी. भूकंपात घर गेलं म्हणा."

"गुरुजी, भूकंपात माझी एक घागर फुटली होती."

"मग घागरीवर थोडं वाढवून सांगा!"

एका शेजाऱ्यानं आपल्या कोसळलेल्या विहिरीचं दुःख देऊ केलं. "माझी विहीर तुमची म्हणून सांगा, माझं काई म्हननं न्हाई." दुसऱ्यानं भावकीतलं भांडण देऊ केलं. दाजी सगळ्यांना चहा पाजत होते आणि मान हलवत होते. शेवटी कोपऱ्यातल्या एक मावशी, मनानं अगदी चांगल्या, म्हणाल्या, "उसनं कशाला आनता? घरचं हायच की. लेकरू न्हाई म्हनून सांगा. अक्काला रडू येतंयच. टीव्हीवर सगळ्या बायांच्या डोळ्यात पानी यील. निवड पक्की समजा." अक्का कपबशा गोळा करून आत गेली. दाजींनी त्या मावशींकडे बघितलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना एखाद्या वाक्याचे दात न मोजता सोडून देताना पाहिलं.

पुण्यात एका हॉटेलच्या मोठ्या दालनात सकाळी एक चाचणी झाली आणि मग मुलाखती सुरू झाल्या. अक्का नवी इरकल नेसून बाहेरच्या सोफ्यावर ताठ बसली, जणू तीच ती खुर्ची. "हिंदी आली तर बीएस्सी पायजे," असं म्हणून दाजींनी मला आत नेलं. हिंदी आली नाही. समोर एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी, दमलेली. बाजूला एक कॅमेरा. दाजी रंगात आले. त्यांनी तिला प्रश्नांचे दात समजावून सांगितले, सकाळच्या चाचणीतले कोणते प्रश्न मारके होते तेही सांगितलं. मुलगी हसून हसून बेजार झाली, कॅमेऱ्यामागचा माणूसही हसत होता. मला वाटलं, झालं, निवडले गेले. दुःखाची गरजच पडणार नाही.

मग तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं, काका?"

"मी आन् बायको. हा बीएस्सी होता, आता नांदेडला ऱ्हातो."

"आणि मुलं?"

"न्हाईत."

मुलीचं हसू हळूहळू उतरलं. ती खुर्चीत थोडी पुढे आली. कॅमेरावाल्यानं भिंग फिरवलं, दाजींचा चेहरा जवळ घेतला असावा. ती अगदी मायेनं म्हणाली, "काका, याबद्दल थोडं बोलाल का? काकूंना किती सोसावं लागलं असेल. लोक अशा गोष्टीशी जोडले जातात. आम्ही काकूंनाही आत बोलावू, त्यांच्याशीही बोलू."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेतून सोफ्याचं टोक दिसत होतं आणि इरकलीचा लाल काठ. ती खुर्ची, तो प्रकाश, त्या टाळ्या, सगळं त्या एका उत्तराच्या पलीकडे उभं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचाच तर सिद्धांत होता. बासरी कधी वाजेल आणि कॅमेरा कुणाच्या डोळ्यांवर थांबेल, तेही ठाऊक होतं.

"दुःख म्हणजे बघा, ताई," दाजी घसा साफ करून म्हणाले, "पावसाळ्यात माझा हा उजवा गुडघा लई दुखतो."

मुलगी गोंधळली. "नाही काका, मी म्हणत होते, काकूंना..."

"तिचे दोनीबी गुडघे चांगले हायत."

मला वाटतं त्या मुलीला कळलं. तिनं कॅमेरा बंद करायला सांगितला, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही कळवू, काका." आणि तिनं वाकून त्यांना नमस्कार केला, जो मी त्या दालनात दुसऱ्या कुणाला केलेला पाहिला नव्हता.

बाहेर आलो. अक्का पदर सारखा करत उठली. "मला बोलावतेत का? काय इचारलं? अवघड होतं का?" दाजी तिच्या शेजारी सोफ्यावर बसले, तिलाही बसवलं. खांद्यावरची दस्ती काढली, तिच्या मांडीवर पसरली आणि खाली हात घातला. भोवती चकचकीत फरशी, सुटाबुटातली माणसं, आणि मध्ये हे दोघं देवणीच्या बाजारात बसल्यासारखे. मी दस्तीकडे बघत होतो. त्या पातळ कापडाखाली एकही बोट हललं नाही. दाजींनी तिचा सगळा हात मुठीत घेतला होता, आणि धरून ठेवला होता.

अक्का दलालाची बायको. तिला मला विचारावं लागलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं दस्तीची कड सारखी केली. मग म्हणाली, "चला, गाडी चुकंल." पण हात तिनं काढला नाही, आणि दाजीही उठले नाहीत.

कळवू म्हणालेल्यांनी कळवलं नाही. आता दाजींनी फोन लावणं सोडलं आहे. बाजारही कमी केला आहे, गुडघा खरंच दुखतो. गल्लीत अजून म्हणतात, दाजींना ऐन वेळी सांगता आलं नाही, गावाकडचा माणूस, कॅमेऱ्यापुढे घाबरला. दाजी ते ऐकून घेतात. कार्यक्रम लागला की दस्ती पसरली जाते. गुरुजींना आता ऐकू कमी येतं, पण ते बोट बरोबर दाबतात. स्पर्धकाची कहाणी सुरू झाली, बासरी वाजली, की दाजी "पानी पिऊन येतो" म्हणून उठतात आणि प्रश्न येईपर्यंत परत येत नाहीत. आणि गल्लीत बारसं असलं की घुगऱ्या शिजतात, अक्का चुलीपाशी असते. फक्त आता दाजीही जाऊन तिच्या शेजारी चुलीपाशी बसतात. बायकांच्या कामात पुरुष कशाला, असं कुणी म्हटलं तर म्हणतात, "जाळ बघायलोय."

मी दर रविवारी नांदेडहून फोन करतो. दाजी आठवड्यातले प्रश्न दातांसकट सांगतात. मध्ये एकदा मी धीर करून विचारलं, "दाजी, पुण्याच्या त्या मुलीनं शेवटी विचारला, तो प्रश्न किती दाती होता?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो कुणीतरी कमी केला.

"त्याचं तोंड मी उघडून बघितलंच न्हाई, बीएस्सी," दाजी म्हणाले, आणि फोन अक्काकडे दिला.